मधला खांब

बादली धुवायला घेतली आणि तळाशी ती पिशवी सापडली. जाड प्लास्टिकची, कात्रीने चौकोनी कापलेली, दोन कडांना चिकटपट्टीचे तुकडे लावून तयार ठेवलेली. कोरी. हातमोजे फोमने बरबटलेले, नळी बुजलेली, सुरीच्या पात्यावर पिवळट कपच्या, आणि त्या सगळ्या घाणीत एवढी एकच वस्तू स्वच्छ. मी आधी तिच्याकडे रागानेच पाहिलं. ही अशी कशी राहिली? मी कुठलीही गोष्ट जास्तीची कापत नाही. अशा दोनच पिशव्या कापल्या होत्या. गाडीला मधले खांबही दोनच, पुढचं दार आणि मागचं दार यांच्यामध्ये उभे असतात ते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि प्रत्येक खांबाच्या पोटात, खाली, सीटच्या पट्ट्याचं रीळ असतं. गाडीचा आवाज दाबायला पोकळीत फोम भरायच्या आधी रिळाला पिशवी गुंडाळायची, चिकटपट्टीने आवळायची आणि मगच नळी आत घालायची. डावीकडे गुंडाळली होती, ते मला डोळ्यांपुढे लख्ख दिसत होतं. उजवीकडची माझ्या हातात होती. उजवीकडे स्टिअरिंग. आणि स्टिअरिंगमागे माझी मुलगी, जी सकाळी अर्धा कप चहा टाकून, दोन बॅगा आणि एक उशी मागच्या सीटवर कोंबून दुसऱ्या शहरात राहायला निघाली होती आणि एव्हाना घाटाच्या तोंडाशी पोचली असणार. नळ तसाच चालू ठेवून मी तिथल्याच कट्ट्यावर टेकले.

फोम काय चीज आहे हे ज्याने हाताळलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. डबा हलवायचा, नळी आत सारायची, खटका दाबायचा, की सूंऽ करत काहीतरी मऊ, ओलं, निरुपद्रवी आत जातं. तुम्हाला वाटतं एवढंसंच गेलं. मग तुम्ही हात पुसता, पाठ सरळ करता, आणि तेवढ्यात आत ते फुगायला लागतं. बारीक चुरचुर ऐकू येते. मिळेल त्या फटीत शिरतं, तारांभोवती, खिळ्यांभोवती, आणि तासाभरात असं कडक होतं की सुरीने पावासारखं कापावं लागतं. रिळात शिरलं तर? रीळ म्हणजे दातेरी चाक, स्प्रिंग, झटका बसला की अडकणारा एक खटका. तो अडकला नाही तर पट्टा नुसता सैल सुटत राहणार आणि ती काचेवर जाणार. हे सगळं मला गॅरेजवाल्याने सांगितलं होतं. त्याच्याकडे गेले तेव्हा तो आधी हसला होता. "ताई, हे काम आमचं नाही, आणि खरं सांगू का, तुमचंही नाही," म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही फक्त कुठे भरायचं नाही तेवढं सांगा. मग त्याने बोटांवर मोजत सांगितलं, पाणी जायची भोकं बुजवू नका, काचेच्या वाटेत भरू नका, आणि पट्ट्याचं रीळ, ताई, ते आधी बांधून घ्या, बाकी काही विसरलात तरी चालेल. असं म्हणाला होता. बाकी काही विसरलात तरी चालेल.

बाकी मी काहीच विसरले नाही, हीच तर गंमत आहे. पाण्याच्या भोकांत काड्या खोचल्या आणि नंतर आठवणीने काढल्या. काचा वरखाली करून पाहिल्या. दारांवर टिचकी मारून पाहिलं. फोमच्या आधी ती दारं रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखी वाजायची, आता पिठाने भरलेल्या डब्यासारखी, ठप्प. काय बरं वाटलं होतं मला त्या आवाजाने! मी कानाच्या दवाखान्यात श्रवणतपासणी करते. आयुष्य गेलं माझं त्या स्पंज लावलेल्या खोलीबाहेर बसून. आत माणूस, कानांवर हेडफोन, हातात बटण, मध्ये जाड काच. मी बारीक आवाज सोडते, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. काही लोक लबाड असतात, माझ्या हाताकडे बघून बटण दाबतात, जणू परीक्षेत नापास होणार आहेत. बायका नवऱ्यांना घेऊन येतात आणि सांगतात, ह्यांना त्यांच्या कामाचं तेवढं बरोबर ऐकू येतं बघा. मी हसते आणि आवाज सोडत राहते. तर माझी मुलगी, घरात आम्ही तिला घुमी म्हणतो, कारण लहानपणापासून तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दात काढण्याइतकं काम, ती वर्षभर संध्याकाळी कामावरून येऊन कान चोळत बसायची. विचारलं की "काही नाही". शेवटी एकदा मी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं, आत बसवलं, आणि माझ्या कागदावर उंच आवाजांपाशी रेघ खाली घसरली. कानात शिट्टी वाजते, तेव्हा कुठे कबूल केलं. कधीपासून? "बरेच दिवस." आणि सांगितलं का नाहीस? तर खांदे उडवले. तिची ती जुनी गाडी, दोन हातांतून फिरून आलेली, हमरस्त्यावर अशी घोंघावायची की माझेही कान दुखायचे, आणि ही रोज तिच्यात दोन-दोन तास. मग मी काय करणार होते? हातावर हात ठेवून बसणार होते?

"नळ चालू आहे," हे आतून म्हणाले. आमचे हे म्हणजे घरात कुठेही नळ, दिवा, पंखा चालू राहिला की त्यांना समजतं, माणसाचं मात्र काही समजत नाही. मी नळ बंद केला आणि पिशवी तशीच हातात घेऊन बाहेरच्या खोलीत आले. ते पेपर वाचत होते. मी म्हटलं, ही राहिली. "काय राहिली?" पट्ट्याच्या रिळाची पिशवी. घुमीच्या बाजूची. त्यांनी चष्मा वर केला, पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एरवी त्यांनी एखादी फुसकुली सोडली असती. मी फोमचे डबे आणले त्या दिवशी ते म्हणाले होते, "गाडी आहे की गादी?" आणि स्वतःच हसले होते. आता हसले नाहीत. "फोन कर," एवढंच म्हणाले. जसं काही मला सुचलंच नव्हतं. चालवताना मला फोन करायचा नाही, आई, हे ती जाताना बजावून गेली होती, आणि एकदा नाही, दोनदा. मागे एकदा तिने माझा फोन उचलायला म्हणून हात लांबवला आणि गाडी कठड्याला घासली होती. ते मला महिन्याभराने कळलं, तेही गाडीवरचा ओरखडा बघून मी खोदून खोदून विचारलं म्हणून. म्हणजे आता ती घाटात, एका बाजूला दरी, पट्टा असून नसल्यासारखा, आणि मी फोन करायचा. गाडीत एवढी शांतता करून ठेवली आहे मी की तो फोन तिच्या कानाशी फटाक्यासारखा वाजेल. दचकली म्हणजे? "आणि नाही केलास तर?" हे म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला की मी पिशवी टीपॉयवर आपटली. प्लास्टिकच ते, आवाजही झाला नाही.

आठव, मी स्वतःला म्हटलं, नीट आठव, कदाचित तिसरीही पिशवी कापली असशील. मी काल संध्याकाळच्या त्या पार्किंगमध्ये पुन्हा जाऊन उभी राहिले. डावा खांब झाला होता. गुडघे दुखत होते, चष्म्यावर घाम पडत होता, प्लास्टिकची आवरणं काढून फरशीवर मांडून ठेवली होती, वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ येता-जाता "काय, नवीन धंदा?" म्हणून गेले होते. मी वळसा घालून उजवीकडे आले. दार उघडलं. पिशवी बादलीच्या काठावर ठेवली, डबा हलवायला घेतला. आणि घुमी खाली आली. चहा घेऊन आली होती माझ्यासाठी. पार्किंगच्या पिलरला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तिकडे गेल्यावर मी रोज फोन करणार नाहीये. आठवड्यातून एकदा करीन." मी डबा हलवतच राहिले. मी म्हटलं, का, एवढं काय कामाचं ओझं असणार आहे तुला? ती म्हणाली, "ओझं नाही. मला नकोय." असं. चहाचा कप हातात घेऊन, शांतपणे, जसं काही साखर नको म्हणत होती. मी वाकले, नळी भोकात खुपसली आणि खटका दाबला. दाबूनच ठेवला. डब्याचं वजन हातात हलकं होत गेलेलं मला आठवतंय. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, एक तृतीयांश भरा, बाकी तो आपोआप फुगतो. मी किती भरलं कोणास ठाऊक. नाही, तिसरी पिशवी नव्हती. पिशवीकडे मी वळलेच नव्हते. तो चहाही मी प्यायले नाही, तो तसाच परत वर नेला तिने.

आणि पट्टा तपासला होता की मी! हे आठवलं तेव्हा क्षणभर जीव भांड्यात पडला. सगळी आवरणं परत बसवून झाल्यावर मी गाडीत बसले होते, पट्टा ओढला होता, सोडला होता, सर्रकन परत गेला होता, झटका दिला तर अडकलाही होता. मग डोळे मिटून ते पुन्हा पाहिलं, तर माझ्या पुढ्यात स्टिअरिंग नव्हतं. मी डावीकडेच बसले होते. मी तिच्या गाडीत नेहमी डावीकडेच बसते, हात हँडलवर ठेवून, आणि तिला सांगत राहते, हळू, समोर बघ, तो बघ मध्ये आला. सवयीने त्याच जागी जाऊन बसले आणि सवयीच्या जागेचा पट्टा तपासून मोठ्या समाधानाने वर आले. हे म्हणजे डावा कान तपासून उजव्याचा निकाल लिहून दिल्यासारखं झालं. दवाखान्यात नवीन आलेल्या पोरींना मी याच चुकीवरून फाडून खाते. सकाळी तिने पट्टा लावला होता का? लावला होता, मी गेटपाशी उभी होते, छातीवर काळी रेघ मला दिसली होती. म्हणजे पट्टा बाहेर आला होता, रीळ फिरत होतं. मग काय बिघडलंय? बिघडलंय ते आतलं, अडकणारं, जे फक्त धडकेच्या वेळीच कळतं. रेघ दिसून काय उपयोग? मला घाटातली वळणं एकामागून एक दिसायला लागली, ट्रकच्या मागचे लाल दिवे, आणि आत ती, माझ्या हातच्या त्या शांततेत, रेडिओसुद्धा न लावता. तिला आवडतं गप्प बसणं. शाळेतून सुटली की माझी कामाची पाळी संपेपर्यंत ती त्या तपासणीच्या खोलीतच बसायची, पेशंट नसला की. काचेतून मला तिचे ओठ हलताना दिसायचे. बाहेर काही ऐकू यायचं नाही. दार उघडून विचारलं, काय म्हणत होतीस, तर म्हणायची, "काही नाही." मी विचारत राहायचे. बसमध्ये, जेवताना, झोपताना. एकदाही सांगितलं नाही पोरीने. केवढीशी होती, तरी नाहीच.

मी फोन केला. शेवटी केलाच. वाजत राहिला आणि बंद झाला. परत केला. हे आता उठून माझ्या शेजारी येऊन उभे होते, पेपरची घडी घालत, ती घडी पुन्हा उलगडत. "घाटात रेंज नसते," म्हणाले. रेंज नसती तर वाजला असता का? वाजतोय, आणि ती उचलत नाहीये. चालवतेय म्हणून उचलत नाहीये, शहाणी आहे, मी स्वतःच शिकवलंय. नाहीतर सीटखाली पडलाय आणि तिथे वाजतोय आणि आजूबाजूला लोक जमलेत आणि कोणीतरी म्हणतंय, अरे उचला, घरचा असेल. मला हे असलं सगळं तपशीलवार दिसतं, हा माझा जुना रोग. ह्यांना म्हटलं, पोलिसांना कळवायचं का? काय कळवायचं, हे म्हणाले. बरोबरच होतं. काय सांगणार, की मी माझ्या मुलीच्या गाडीत फेस भरला? तरी मी त्यांच्यावर खेकसले, तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही, तुमच्या डोक्यातही फोमच भरलाय. त्यांच्या हातात पेपर बारीक वाजत होता, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कुठलाच आवाज सहन होईना. खालच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या, प्रत्येक गाडी मला तिचीच वाटायची, परत आलेली. मी पुन्हा फोन लावला. पुन्हा. मग हातातच धरून बसले, आणि तो वाजला तेव्हा माझ्या हातून निसटून जमिनीवर पडला.

"आई, एवढे फोन?" तिचाच आवाज. रोजचा, कंटाळलेला. माझं रडू फुटायच्या बेतात होतं, पण तोंडातून निघालं ते, "फोन का उचलत नाहीस?" ती म्हणाली, "थांबलेय. घाट उतरून खाली पेट्रोल पंप आहे तिथे." बरी आहेस ना? "हो." गाडी? "छान आहे. खूपच शांत झालीय." खरंच शांत होती. मी फोन कानाशी दाबला, पंपावरचे ट्रक, माणसं, काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, आणि त्या शांततेत मला ते ऐकू आलं. बारीक, उंच, ठरावीक अंतराने. टीं. टीं. टीं. असले आवाज सोडण्यात माझा जन्म गेलाय. मी विचारलं, मागे काय वाजतंय? "कुठे काय?" घुमे, मागे काहीतरी वाजतंय. "काही नाही." इंजिन चालू आहे? "एसीसाठी." मग पट्टा लाव बरं. टीं. टीं. मी म्हटलं, पट्टा लाव, मला ऐकू दे बंद झालेलं. "नाही लागत," ती म्हणाली. "ओढला तर वीतभर येतो आणि अडकतो. सकाळपासून."

सकाळपासून म्हणजे? "म्हणजे बसले तेव्हाच. आपल्या दारात." अगं पण मी पाहिला होता, छातीवर— "हाताने धरला होता," ती म्हणाली. "जेवढा आला तेवढा ओढून. तू गेटपाशी होतीस ना. वळणापर्यंत धरला, मग सोडून दिला." आणि हे वाजत होतं? "वाजत होतं. म्हणून काचा वर घेतल्या." मी भिंतीला टेकले. तीच पुढे बोलत राहिली, इतकी सलग ती कधी बोलत नाही. एका उतारावर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, हिनेही मारला, आणि छाती स्टिअरिंगवर आदळली. लागलं नाही फारसं. पण कशीबशी खाली येऊन पंपावर बसून राहिली. माझे फोन येत होते ते कळत होतं, पण आवाज नीट झाल्याशिवाय उचलायचा नव्हता. "रडल्यासारखा येत होता," म्हणाली. मी ओरडले तिच्यावर. पट्टा नसताना घाट उतरलीस, मेली असतीस, कळतंय का तुला, मेली असतीस! ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी झटकला. तिकडे ती शांतपणे म्हणाली, "हो, कळतंय. पण तुला सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं."

मला सांगण्यापेक्षा? "तू लगेच सगळं उघडलं असतंस. खांब, दारं, सगळं. मग आज नाही, उद्या. मग परवा. मग म्हणाली असतीस, एवढ्या घाईने जायचंच कशाला." नसते म्हटले, असं मी म्हणणार होते. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण म्हटले असते. हेच शब्द म्हटले असते, त्याच क्रमाने. मी म्हटलं, तू तिथेच बस, हलू नकोस, मी टॅक्सी करून निघतेय. फोन कानाशी धरूनच मी दाराशी गेले, एक चप्पल पायात सरकवली, दुसरी पायाने चाचपडत होते. "नको," ती म्हणाली. नको काय, गाडी कोण बघणार? "पंपाला लागूनच गॅरेज आहे, मी बोललेय त्याच्याशी. फोम खरवडून काढतो म्हणाला, नवीन रीळ मागवलंय. संध्याकाळपर्यंत होईल. मी पट्टा लागल्याशिवाय गाडी हलवणार नाही, शप्पथ." त्याला दे फोन, मी सांगते त्याला कुठून कापायचं, माझ्याशिवाय कोणाला माहीत आहे कुठवर भरलंय ते! "आई," ती म्हणाली. आता मात्र तिला रडू आवरेना, मला ऐकू येत होतं, ते बारीक वाजणंसुद्धा त्यात बुडालं होतं. "आई, तू आलीस ना, तर मी तुझ्याबरोबर परत येईन. मला माहितीये. तू मागच्या सीटवरची बॅग उचलशील आणि मी मुकाट्याने येईन. म्हणून येऊ नकोस गं."

माझं मन एकसारखं म्हणत होतं, जा. ती घाबरलीय, तिच्या छातीला मुका मार लागलाय, अनोळखी गॅरेजमध्ये एकटी पोर बसलीय, आणि हे सगळं तुझ्या हातून झालंय, जा आणि घेऊन ये. ती येईल म्हणालीच आहे. इतकं सोपं होतं ते की मला माझीच भीती वाटली. "बरं," मी म्हटलं. स्वतःचा आवाज ओळखू आला नाही मला. "नाही येत. छातीवर बर्फ लाव. मिळाला तर." ती हुंदका देत "हं" म्हणाली. मी विचारणार होते, झालं की फोन करशील ना, पट्टा लागला की लगेच कळव, पोचलीस की कळव. ते सगळं गिळलं आणि मीच फोन ठेवला. आजवर आमच्या दोघींत फोन नेहमी तिनेच ठेवलाय. हे किल्ल्या घेऊन, बाहेरचे कपडे घालून तयार उभे होते, शर्टाची बटणं एकाआड एक लागलेली. "चल, टॅक्सी बोलावलीय," म्हणाले. मी पायातली चप्पल काढली, जागेवर ठेवली, आणि म्हटलं, "ती नको म्हणतेय. परत पाठवा टॅक्सी," आणि मग तिथेच, दारातच, मला हमसून हमसून रडू आलं.